भिंतीतलं पाणी

पाहुणे परतले आणि घर शांत झालं, तेव्हापासून दुपारी वाचत बसलो की स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी वाहत असल्याचा आवाज येऊ लागला. घरातले नळ तर सगळे बंद. माझी बायको सुधा जाऊन दोन महिने झाले होते. भिंत फोडावी लागली तर तिने फळीवर लावलेले डबे हलवावे लागतील, या धास्तीने मी आठवडाभर नुसताच ऐकत राहिलो.

शेवटी नळ दुरुस्त करणाऱ्या कदमांना बोलावलं. त्यांनी भिंतीला कान लावला, मग मागच्या अंगणाचं दार उघडलं. तिकडे मी फिरकलोच नव्हतो.

"गळती कसली, सर? मागचा नळ उघडा आहे. पाणी आलेलं कळावं म्हणून वहिनींनी ठेवला असणार."

खरंच, तो आवाज ऐकून ती हातातलं काम टाकून बादल्या भरायला धावायची. इतकी वर्षं तो आवाज घरात होताच. तिच्या वावरण्यात मला कधी वेगळा ऐकू आला नाही. आणि तिच्यामागे रोज वाहून गेलेल्या पाण्यावर नळापाशी अळू कमरेएवढं वाढलं होतं.

"काय माजलंय! वड्या करा की."

"मला कुठे येतात?"

"मग पानं द्या. उद्या आमच्या घरून वड्या येतील."

जाताना सवयीने त्यांनी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेआधी मीच तो उघडला आणि खाली बादली ठेवली. आधी नुसती हवा सुरसुरली. मग पाणी आलं.