गुरुजींना पोहोचवून आलेला काका

खुनाची शिक्षा भोगून आलेल्या माणसाला घरात कुठं झोपवायचं, यावर आमचं नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं. मंदाचं म्हणणं, पुढच्या खोलीत. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं त्यांच्यावर लक्ष राहील. माझं म्हणणं, मागच्या खोलीत. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दिसणारच नाहीत. आम्ही आत हळू आवाजात भांडत होतो, तेवढ्यात दामूकाकानं आपली पिशवी अंगणातल्या टिनाच्या शेडखाली नेऊन ठेवलीसुद्धा. तिथं माझ्याकडे दुरुस्तीला आलेले कूलर असतात. त्या कूलरांच्या मधोमध तो हात अंगाला चिकटवून असा सरळ निजला की मंदा म्हणाली, "अहो, यांच्यावर फक्त चादर टाकायची बाकी आहे."

दामूकाका माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. बोरी अरबकडं त्याचं शेत होतं आणि शेजारच्या शेतकऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, त्याचं रोजचं भांडण होतं. एका दुपारी त्यानं त्या माणसाच्या डोक्यात फावडं घातलं. माणूस जागीच गेला. काकाला जेल झाली तेव्हा मला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. तो सुटला तेव्हा नेरला माझं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं आणि डोक्याला टक्कल होतं. मधल्या काळात काकू वारली, शेत दुसऱ्याचं झालं. जवळचा म्हणावा असा मीच उरलो होतो.

त्याचा त्रास काहीच नव्हता, आणि भीती नेमकी त्याचीच वाटायची. तो भांडत नसे, मागत नसे, हसला तर आपण काही विनोद केलेला नसताना हसायचा. जेवण झालं की ताट घासून, ते छातीशी धरून, कोणीतरी 'ठेवा' म्हणेपर्यंत उभा राहायचा. पहाटे अंगणात येऊन सरळ रेषेत उभा राहायचा. (रेषा एकट्याची.) पहिल्या दिवशी मी दात घासायला बाहेर आलो आणि ब्रश गिळता गिळता राहिलो. कसंबसं म्हणालो, "उठले का काका?" तसा तो सैल पडला आणि तोंड धुवायला गेला. सकाळची मोजणी झाल्याशिवाय त्याला हलता येत नव्हतं, हे मला उशिरा कळलं. तेव्हापासून मी रोज उठून आधी काका मोजायला लागलो.

आमच्या शेजारी वानखडे गुरुजी राहतात. निवृत्त, एकटे, मुलगी घाटंजीला दिलेली. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक चिंचोळी बोळ आहे. ती त्यांची की आमची, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आमच्या मोरीचं पाणी त्या बोळीत जायचं, म्हणून गुरुजी तिथं दगड मांडायचे. मी ते उचलून फेकायचो. मग ते भिंतीवरून 'विलास' अशी हाक मारून मला नागरिकशास्त्र शिकवायचे. त्यांना उलटून बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही. त्यामुळं मी जेवताना बोलायचो. या म्हाताऱ्याचं एकदा काहीतरी केलंच पाहिजे, असं म्हणून मी भाकरी अशी मोडायचो, जशी काही ती गुरुजींची मान आहे. काका मान खाली घालून जेवत राहायचा. एकदा मात्र त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "मी पाहतो."

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? कोणीतरी आपल्या बाजूनं आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी जेवायला घरी आलो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंही नसतं. सगळी दारं बंद, नुसती कूलरची घरघर. काका टाकीजवळ हात धूत होता. कोपरापर्यंत धुवायचा, न्याहाळायचा, पुन्हा धुवायचा. भिंतीला फावडं टेकवलेलं होतं आणि त्यावर ओली काळी माती होती.

"झालं," काका म्हणाला. "गुरुजीचं मिटलं. आता ते तुले काही बोलनार नाईत."

मी हातातली अवजारांची पिशवी खाली ठेवून गुरुजींच्या ओट्यावर गेलो. दाराला बाहेरून नुसती कडी, कुलूप नाही. आत कूलर चालू. खुर्चीवर उघडा पेपर आणि त्यावर त्यांचा चष्मा. चष्म्याच्या काचा माझ्याकडेच पाहत होत्या. मी बोळीत डोकावलो. तिथं नुकतीच खणून बुजवलेली जमीन होती. लांबट, अरुंद, वरून पाणी शिंपडून फावड्यानं थापलेली. फार व्यवस्थित काम होतं.

मंदानं धीर करून काकाला जेवायला वाढलं आणि आडून आडून विचारलं, गुरुजी दिसत नाहीत ते.

"गेले ते, सूनबाई. मीच पोहोचवून आलो."

"तरास झाला असंल ना, काकाजी?"

"नाई. गुरुजी तं हलकेच आहेत. बॅग जड होती."

मी विचारलं, शेवटी काही बोलले का.

"म्हने, विलासले सांगा, मी माफ केलं."

एवढं बोलून काकानं भाजी पुन्हा मागून घेतली. सुटून आल्यापासून त्यानं पहिल्यांदाच काही मागून घेतलं होतं. मंदानं वाढलेली अर्धी भाजी ताटाबाहेर पडली.

काका शेडमध्ये आडवा झाला तसे आम्ही दोघं बोळीत गेलो. शेवटचा उपाय म्हणून मी गुरुजींना फोन लावला. मला वाटलं, बंद असेल. बंद नव्हता. पलीकडे घंटी वाजायला लागली आणि ती मला दोन्ही कानांनी ऐकू आली. एका कानाला फोन होता. दुसऱ्या कानाला ती जमिनीतून ऐकू येत होती.

मंदानं माझा दंड धरला. गुरुजी जमिनीत वाजत होते.

मग मी काय केलं ते नीट आठवत नाही. फावडं घेऊन उकरत सुटलो. अजून जीव असेल, असं काहीतरी बडबडत होतो. थोड्याच मातीखाली पांढरं, वाकलेलं काहीतरी दिसलं. मला तो गुडघा वाटला. मी किंचाळलो, हातातलं फावडं सुटलं, ते नेमकं गुडघ्यावर पडलं आणि गुडघा फुटून त्यातून आमच्याच मोरीचं साबणाचं पाणी माझ्या अंगावर उडालं.

तो पाईपचा वाकडा जोड होता. त्याच्याजवळ मातीत गुरुजींचा फोन पडून वाजत होता.

"काहून उकरून राह्यला?" मागून हळू आवाज आला.

काका उभा होता. मी चिखलातच बसलो आणि जे तोंडात आलं ते बोलून मोकळा झालो: काका, मी कोणाला सांगणार नाही, मी माझ्या हातानं पुन्हा बुजवून देतो. तो खड्ड्याकडं, फोनकडं, मग माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिला. त्याला सगळं कळलं. मला वाटलं, आता रागावेल. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"मी रोज दुपारी गुरुजीकडं जाऊन बसत होतो," तो म्हणाला. "त्यायले समजावलं, पाईप टाकून देतो म्हनलं. अरे, मी बी जेवतानी असाच बोलत होतो रोज. धुऱ्यापायी. तुयं बोलनं ऐकलं का मले घास उतरे ना. मले तुयंच भेव वाटे."

पाणी वाहत होतं. मी त्यातून गुरुजींचा फोन उचलला. ज्या माणसाला मी इतके दिवस भीत होतो, तो माझ्याच घरात, माझ्याच ताटाशेजारी, मला भिऊन बसत होता. त्याच्या हातावर माती नव्हती. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले होते.

तेवढ्यात खुद्द गुरुजी बॅग घेऊन बोळीच्या तोंडाशी उभे राहिले. बसच्या घाईत कूलर, चष्मा, कुलूप सगळं विसरून ते घाटंजीला मुलीकडं निघाले होते, काकानं त्यांना बसस्टँडवर पोहोचवलं होतं. तिकिटाला खिशात हात घातला तेव्हा फोन नसल्याचं कळलं, पाईप टाकताना वाकून पाहिलं तेव्हाच तो खड्ड्यात पडला असणार, म्हणून ते ऑटोनं परत आले होते. नवीन पाईपचे तुकडे, उकरलेली बोळ आणि माझ्या हातात त्यांचा फोन, एवढं त्यांना एकाच नजरेत दिसलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण 'गुरुजी, मला वाटलं तुम्हाला इथं पुरलंय' हे वाक्य सुरू कुठून करायचं, ते मला सुचेना. मंदा तर पदर तोंडात कोंबून घरात पळाली.

काकानं माझी बाजू घेतली. पोरगा उन्हानं जरा भरमला, एवढंच तो म्हणाला. मग संध्याकाळपर्यंत मी एकटा ती बोळ खणत होतो आणि नवा जोड बसवत होतो. दोघं म्हातारे ओट्यावर चहा पीत माझ्यावर देखरेख करत होते. गुरुजींची घाटंजीची बस गेली ती गेलीच. पण मला सोडून जायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

शेवटी मी माती थापायला लागलो तेव्हा गुरुजी काकाकडं झुकले. मला ऐकू येणार नाही, अशा समजुतीत त्यांनी काळजीनं विचारलं की, याच्याबरोबर एका घरात राहायला तुम्हाला भीती नाही का वाटत?

काकानं कप खाली ठेवला, माझ्या हातातल्या फावड्याकडं पाहिलं आणि नीट विचार करून उत्तर दिलं.

"सूनबाई असते ना घरी."