उचगावच्या म्हशीचा जार

पुण्याहून पहाटेची एसटी धरली तेव्हा मांडीवर थर्माकोलची पेटी होती आणि कंडक्टरचा डोळा त्या पेटीवर. आत बर्फ आणि औषधी पाण्याच्या बाटल्या आहेत असं दोनदा सांगूनही त्याला पटेना. त्याला तरी काय बोलायचं? माझा स्वतःचा स्वभाव त्याहून संशयी.

मी जनावरांची डॉक्टर. आमच्या छोट्या प्रयोगशाळेत तेव्हा नवंच काम सुरू झालं होतं. म्हैस व्याली की मागाहून जार (गर्भाचं वेष्टन) पडतो. तो पाणी-माती न लागू देता निर्जंतुक राखायचा, त्यातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यातून शरीराच्या निरनिराळ्या पेशी घडू शकतात त्या, काढून गोठवून ठेवायच्या. पुढेमागे सांधे दुखावलेल्या जनावरांना त्या उपयोगी पडतील अशी आशा. नुसती आशाच, खात्री नव्हे. पण आधीचे दोन जार फुकट गेले होते. एका मालकाने तर मला बरं वाटावं म्हणून तो विहिरीवर नेऊन लख्ख धुऊन आणला! प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं होतं की तिसराही वाया गेला तर काम बंद.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले तोवर निम्मा बर्फ वितळला होता. समोरच्या रसवंतीवाल्याने लादीचा तुकडा फोडून दिला आणि पेटीत मासळी आहे का, असं आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं. उचगावचा रिक्षावाला मला लांबून फिरवून नेतोय असं सारखं वाटत होतं. त्याने सरळ नेऊन दारात सोडलं, तेव्हा उगाचच ओशाळले.

म्हैस एकदोन दिवसांत व्याईल असं कळवून ज्याने फोनवर सगळं ठरवलं होतं तो तिचा मालक शिवगोंडा फौंड्रीत कामावर गेला होता. घरी त्याची अव्वा (आई, कानडी शब्द) एकटीच. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची करंडी (डबी) आणि हातात रिकामं पोतं. पोतं पाहून मी पेटी जवळ ओढली. इकडची रीत मला ठाऊक होती. जार पोत्यात बांधून वडाला टांगतात. वडाला चीक असतो, तसं म्हशीला दूध येतं म्हणे.

अव्वाने भाकरी, मिरचीचा खर्डा आणि दही पुढे ठेवलं. मी जेवत असताना तिची नजर पेटीवरून हलली नाही, माझी पोत्यावरून. मागच्या वेताला जार कुत्र्याने पळवला आणि म्हैस आटली, तेव्हा लोकांनी हिलाच बोल लावला होता, असं शिवगोंडाने फोनवर सांगितलं होतं. घर त्या दुधावर चालत होतं.

दुपारी म्हैस व्याली. मादी रेडकू झालं. मी मागे निर्जंतुक कापड अंथरून बसले. अव्वा पोतं घेऊन शेजारीच उभी. तीन तास आम्ही दोघी एकमेकींवर पहारा देत होतो. जार पडला तो बरोबर कापडावर. मी हातमोजे घातले, तशी अव्वा आडवी आली. आतून विभूतीची वाटी घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली.

"हिच्यावर हात ठिव आन् सांग, म्हशीचं दूध आटायचं न्हाय."

जार नेल्याने दूध आटत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण दूध आटायला शंभर कारणं असतात. चारा, ताप, कासेचा दाह. शपथ कशी घ्यायची? एका बाजूला साहेब, एका बाजूला ती वाटी. हात पुढे जाईना. शेवटी म्हणाले, "अव्वा, एवढं मला नाही सांगता येणार."

आता हाकलणार, असं मी धरून चालले. तिने वाटी खाली ठेवली.

"खोटी असतीस तर कवाच हात ठिवला असतास," ती म्हणाली. "ने."

त्यातही मला डाव दिसला, इतकी मी वाईट! परतताना एसटीत दोनदा पेटी उघडून, तिने जार काढून तर घेतला नाही ना, याची खात्री केली.

पेशी जगल्या. काचेच्या बशीत त्या तळाला चिकटून वाढताना पाहिल्या आणि मी चक्क रडले. महिन्याभराने शिवगोंडाच्या मोबाइलवर फोन लावून तो अव्वाकडे द्यायला सांगितला. बातमी सांगायची सोडून तोंडातून निघालं, "दूध कसं आहे?"

"आता झ्याक हाय. मधी आठ दिस निम्म्यावर आलतं."

 मला का नाही कळवलं, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"कळवलं असतं तर तू त्यो जार परत धाडला असतास की," अव्वा शांतपणे म्हणाली. "मग तुझं काम बुडालं असतं."

 मी खरंच तो परत पाठवला असता का? तिला माझी खात्री होती. मला अजूनही नाही.