वासना गेली

सकाळी इंद्रायणी तांदळाची पेज उकळत होती. बायकोच्या तापाचा आज सहावा दिवस. त्या वासासरशी मी वीस वर्षं मागे, वलवणच्या धरणाजवळच्या ध्यानशिबिरात जाऊन पोहोचलो.

तिथं एकच घोकंपट्टी होती: वासना गेली की चित्त शुद्ध होतं. दहा दिवस डोळे मिटून मी ती घालवत होतो आणि ती काही केल्या जात नव्हती. स्वयंपाकाला शेजारच्या औंढे गावातल्या एक मावशी यायच्या. शेवटच्या दुपारी भात वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या मालकांची वासनाच गेली बगा."

मला चक्क हेवा वाटला. "भाग्यवान आहेत, मावशी. त्यांच्या कर्माचं फळ आहे हे."

त्यांच्या हातातला डाव तिथंच थांबला. "असं कसलं वाईट कर्म केलं वो त्यांनी? आठ दिस झालं, पेजंचा घोट उतरंना. अन्नावरची वासना गेली तर मानूस ऱ्हातं का? तुमी येवढं ध्यानाला बसता, ती माघारी आनायचं कायतरी सांगा."

माझ्या ताटात दुसऱ्यांदा मागून घेतलेला भात वाफाळत होता. तो गिळवेना आणि टाकवेना. पुढं मालकांचं काय झालं, हे विचारायचं धाडसही मला झालं नाही.

आज पेजेची वाटी मी हिच्या ओठांशी धरली. हिनं एक घोट घेतला, मग दुसरा. माझ्या तोंडून निघून गेलं, "वासना होतेय का गं?"