कुत्रं का बांधलं होतं?

आजही दारात साखळीला बांधलेलं कुत्रं दिसलं, की ती केस आठवते आणि माझाच मला राग येतो.

सोलापूरजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती, तोच एक बाई पोतं घेऊन आल्या आणि मेलेल्या कोंबड्या थेट अंमलदाराच्या टेबलावर ओतल्या. सोलापुरात सात रस्ता चौकात अंडी विकून त्या घर चालवायच्या. आदल्या दिवशी अंडी विकून परत येतात, तो खुराड्यातल्या साऱ्या कोंबड्या मरून पडलेल्या.

"माझ्या चुलत दिरानंच इख घातलंय, साहेब. बांधावरनं आमचं लई दिसांचं भांडण हाय."

जागेवर जाऊन पंचनामा केला. पशुवैद्यकीय अधिकारी म्हणाले, विषबाधाच दिसते. कसली, ते प्रयोगशाळा सांगेल. विषाची बाटली सापडली नाही, पुडी नाही. पण शेजारीण हवालदाराच्या कानाला लागली, "त्याचं कुत्रं कदी बांधलेलं बगितलं न्हाय. परवापास्नं बांधलंय की!"

झालं! विष कुठं पडलंय हे ज्याला ठाऊक, तोच आपलं कुत्रं आधी बांधणार. दिराला ठाण्यात आणलं.

गडी चिंचोळी एमआयडीसीत वॉचमन. गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाईल, हे मी त्याला बसल्या बसल्या ऐकवलं.

"कोंबड्या मारल्यास?"

"न्हाय."

"मग कुत्रं का बांधलं?"

खोटं बोलणारा माणूस भडाभडा बोलतो, हे मी नोकरीभर पाहिलेलं. हा तर तोंडच उघडेना. तरी मी त्याला मुजोर ठरवलं आणि दुपारपर्यंत बाकावर बसवलं.

दुपारी त्याला भाकरी घेऊन एक म्हातारा आला. डोळ्यांत मोतीबिंदू. चौकशी केली, तर तो फिर्यादी बाईंचा सासरा! फिर्यादीच्या घरची भाकरी आरोपीला? माझ्या डोक्यात नवाच किडा वळवळला. दोघं सामील तर नाहीत? मी म्हाताऱ्यावर आवाज चढवला.

"आप्पा, गप बसा!" पुतण्या ओरडला. दिवसभरातलं त्याचं पहिलं मोठं बोलणं.

आप्पा गप बसले नाहीत. "सून बाजारला गेलेली. कोंबड्यांचं खाद्य सरलं हुतं. ह्याच्या शेडातनं मी पेंडीचं पोतं आणलं. भावकीत काय इचारायचं? करडईची म्हणून चारली."

ती एरंडीची पेंड होती, डाळिंबाला खत म्हणून आणलेली. जनावराच्या पोटात गेली तर विषच. कुत्रं वासानं खायला जातं, म्हणून ती झाडांना टाकली की कुत्रं बांधतात. पुढं प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

फिर्यादी बाई जबाबासाठी समोरच बसल्या होत्या. "तुमाला ठावं हुतं, भावजी?"

"पोतं गेलेलं दिसलं तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलू, वैनी? आप्पांचं ताट तुमच्याच हातात हाय की."

बाईंनी फिर्याद मागं घेतली.

नंतर हवालदार मला म्हणाला, "साहेब, एरंडी टाकली की आमच्याकडंबी कुत्रं बांधत्यात."

"मग सकाळीच सांगायचं ना!"

"तुमी त्याला दरडावत हुता. मला इचारलं कुटं?"

मी त्या माणसाला दहा वेळा प्रश्न विचारला होता, पण उत्तर मनात आधीच लिहून ठेवलं होतं. बाहेर बाकावर बाईंनी भाकरीचं फडकं सोडलं होतं. पहिली चतकोर त्यांनी दिराच्या हातावर ठेवली, दुसरी आप्पांच्या.