उजवीकडच्या दोन दाढा

"हात ढिला सोड गं. आवळला की फुटतीय."

बांगड्या भरताना मावशी एवढं म्हणायच्या आणि समोरच्या बाईला काहीतरी सांगून हसवायच्या. ती हसली, की तेवढ्यात बांगडी मनगटात. अशी बांगडीवाली तुम्हीही पाहिली असेल, पण भरून घेणारीपेक्षा स्वतःच मोठ्याने हसणारी क्वचितच. तोंड एवढं उघडायच्या की पाटोद्याच्या बाजारात रस्त्यापलीकडून मला, दातांच्या डॉक्टरला, त्यांच्या दाढा मोजता याव्यात.

बाजाराच्या तोंडाशीच मी नवीन दवाखाना टाकला होता. एक खुर्ची, बाहेर एक बाक. दातांचे एक्स-रे फोटो काढायचं मशीन अजून घ्यायचं होतं. मावशी माझ्या पहिल्या काही पेशंटांपैकी. उजवीकडे खाली दोन दाढांच्या मध्ये कीड लागली होती, म्हणून मी एका दाढेत चांदी भरायला घेतली. अशा जागी दाढेभोवती पत्र्याची पट्टी लावतात आणि तिच्या बुडाशी लाकडाची बारीक पाचर बसवतात, म्हणजे चांदी हिरडीकडे सरकत नाही. पट्टी लावली, तेवढ्यात लाइट गेली. पाचरीची डबी सापडेना. बाकावर माणसं ताटकळलेली. मी मोबाइलच्या उजेडात, पाचर न लावताच काम उरकलं.

पंधरा दिवसांनी मावशी आल्या. "डॉक्टरसाहेब, तितं भाकर अडकतीय. काडी घातली की रगात येतंय."

तोंडात पाहिलं तर दात काळपट. चाळीस वर्षांची मिश्री. ते दिसल्यावर मी पुढचं काही पाहिलंच नाही.

"तंबाखू भाजून हिरड्यांना चोळता, आणि वर रक्त येतं म्हणता? मिश्री बंद करा."

"समदीच?"

"सगळी."

त्यांनी बंद केली. सकाळी डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, कुणी बोललं तरी राग यायचा. त्या महिन्यात बाजारात त्यांच्या हातून बांगड्या फुटल्या. मावशीला काय झालंय, असं बायका एकमेकींना विचारत होत्या. महिना सरला आणि त्या ताठ मानेने माझ्या खुर्चीत येऊन बसल्या.

"न्हाई लावली. एक बोट न्हाई."

मी हिरडी दाबली. रक्त आलं. खरं तर बाकीच्या सगळ्या हिरड्या आता घट्ट होत्या, रक्त फक्त त्या दोन दाढांच्या मध्ये होतं. एवढ्यावरून माझ्या लक्षात यायला हवं होतं. मिश्री काय एकाच फटीत जाऊन बसते? पण बाकावर चार बायका ऐकत होत्या, आणि मी नवीन डॉक्टर होतो.

"खरं सांगा मावशी. चोरून लावता ना?"

मावशी हसल्या नाहीत. पदराने ओठ टिपले, खुर्चीतून उतरल्या आणि निघून गेल्या.

परत आल्या त्या दीड वर्षाने, गाल सुजवून. तोवर मशीन आलं होतं. फोटो काढला आणि उजेडाला धरला. दाढेच्या कडेला, हिरडीच्या खाली, मी भरलेल्या चांदीचा कंगोरा बाहेर आला होता. तिळाएवढा. त्याच्या आडोशाला अन्न साठत गेलं, त्याचा दगडासारखा थर झाला, तिथे ना ब्रश पोचला ना काडी. दोन्ही दाढांमधलं हाड झिजून गेलं होतं. दाढा बोटाने हलत होत्या. दोन्ही काढाव्या लागल्या.

"मिश्रीनं खाल्ल्या," मावशी कापूस चावत म्हणाल्या.

मी फोटो टेबलाच्या खणात सरकवला.

त्यानंतर माझा बाक भरू लागला. बांगड्या भरता भरता मावशी बायकांना आपली रिकामी जागा दाखवायच्या. "बघ, मिश्रीनं काय केलं. डॉक्टर सांगत हुता, मीच उशिरा आयकलं." गावोगावच्या बायका यायच्या आणि सांगायच्या, "मावशीनं धाडलंय." मिश्री वाईटच. त्या बायकांचं त्यात भलंच झालं. पण ते दोन शब्द कानावर आले की माझा हात थबकायचा. फोटो अजून त्या खणातच होता, आणि काहीही काढायला गेलं तरी हाताला तोच लागायचा.

एका बाजाराच्या दिवशी तो खिशात घालून गेलो. मावशी पाटी आवरत होत्या. त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि फोटो उन्हाकडे धरला.

"हा पांढरा कंगोरा माझ्या हातचा आहे, मावशी. त्यानेच दाढा गेल्या. मिश्रीने नाही."

त्यांनी फोटो हातात घेऊन तो कंगोरा बोटाने चाचपला.

"मंग मला चोर कावून म्हणलात?"

त्यांनी एका हाताने पाटीवर फडकं ओढलं.

"दाढंचं काय न्हाई. दाढा कुनाच्या जलमभर ऱ्हातात? पर तुमी म्हणलात म्हणून म्या अख्खा महिना डोकं बांधून काढला. अन् चार बायांत तुमी मला खोटं पाडलं."

"चुकलं माझं."

"बरं," त्या म्हणाल्या. फोटोवर उमटलेलं बोट पदराने पुसलं आणि तो मला परत दिला.

पुन्हा त्या माझ्याकडे आल्या नाहीत. बाजारात दिसायच्या, नजरेला नजर द्यायच्या, बोलायच्या नाहीत. बायका मात्र येतच राहिल्या. फक्त आता निरोप थोडा वाढला होता. "मावशी म्हणली, आदी फोटो काढायला सांग. मंग काय बोलायचं ते बोल म्हणावं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच तोंड फिरवावं लागलं. झालेलं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एकीलाही नाही.

गेल्या साली तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. मी त्यांच्या गावी पोचलो तेव्हा अंगणात बायकांची दाटी होती. मावशी कशा हसायच्या, हेच त्या रडत एकमेकींना सांगत होत्या. मावशींच्या हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी घट्ट बांधलेली. तोंड मिटलेलं. उजव्या गालात, खालच्या बाजूला, बारीकसा खळगा पडला होता. वयाचा असेल, असं कुणालाही वाटलं असतं. तो कशाचा आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि आता त्यातला मी एकटाच उरलो होतो.