माईंच्या खोलीखालचा भाडेकरू

टॉर्च आत घालून बघितलं, तर भोक भिंतीखालून सरळ खोलीच्या मध्यापर्यंत गेलेलं. मी घरामागच्या फरसबंद पॅटिओवर पोटावर पडले होते, कोट चिखलात, आणि डोक्याशी डॉ. पेंडसे स्लिपर घालून उभे.

“उंदीर?” त्यांनी विचारलं.

“या भोकातून जाणारा उंदीर असेल, तर आधी आपण दोघं घरात पळू या. बॅजर आहे हा.”

बॅजर आपल्याकडे नसतो, म्हणून सांगते. चांगल्या खात्यापित्या कुत्र्याएवढा, बुटका, तोंडावर काळे-पांढरे पट्टे आणि पुढचे पंजे अगदी फावडी. दिवसभर झोपतो, अंधारून आलं की उठतो आणि खोदतो. इंग्रजांचा भयंकर लाडका. लहान मुलांच्या पुस्तकांत तो जाकीट घालून चहा पितो. प्रत्यक्षात तो तुमच्या घराचा पाया पोखरतो.

मी तेव्हा नॉटिंगहॅममध्ये एका छोट्या फर्ममध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. घर उभं का आहे आणि पडणार असेल तर कुठून, हे सांगायचं माझं काम. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. आमचा बॉस ब्रायन यानं फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, “पेंडसी की काहीतरी नाव आहे. तुझ्याकडचेच दिसतात, तूच जा.” जणू पेंडशांच्या भिंतीसुद्धा मराठीतच तडकणार होत्या.

तडकली होती ती नवी एक्स्टेन्शन. डॉक्टर हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे. वडील गेल्यावर त्यांनी आईला, माईंना, सांगलीला परत न पाठवता कायमचं ठेवून घेतलं होतं. माईंचे गुडघे गेलेले, जिना चढणं अशक्य. म्हणून मागच्या बाजूला खाली एक खोली आणि शॉवर बांधून घेतला. दोन वर्षं झाली नाहीत तोवर खिडकीच्या कोपऱ्यातून खाली एक भेग गेली. पोस्टाचं पाकीट सहज आत सरकेल एवढी.

“उपाय?” डॉक्टरांनी विचारलं.

“अंडरपिनिंग. म्हणजे पायाखाली थोडंथोडं खोदून नवं काँक्रीट भरायचं. पण आत कोणी राहत असेल तर काँक्रीट ओतता येत नाही.”

“मग धूर करा. नाहीतर मी भूल देतो, उचलून बाहेर काढा. माझा रोजचाच धंदा आहे.”

मी त्यांना कायदा सांगितला. बॅजरला मारणं गुन्हा, हात लावणं गुन्हा, त्याचं बीळ उकरणं गुन्हा, बुजवणं गुन्हा. काहीही करायचं तर सरकारी लायसन्स हवं. तेही फक्त जुलै ते नोव्हेंबरअखेर काम करण्यापुरतं मिळतं, कारण त्यानंतर पिल्लांचा मोसम.

डॉक्टरांनी भोकाकडे बोट दाखवलं. “म्हणजे या देशात राहायला परवानगी मी मागायची, आणि याला माझ्या घरातून काढायलाही मीच मागायची?”

“तो इथलाच आहे, डॉक्टर.”

मी हे गमतीनं म्हटलं, पण ते हसले नाहीत. हसण्यासारखी परिस्थितीही नव्हती. नोव्हेंबरपर्यंत भाडेकरू निघाला नाही, तर ओल्या हिवाळ्यात ती भिंत टिकेल असं मी लिहून देणार नव्हते. खोली रिकामी करावी लागणार. आणि माईंनी आधीच जाहीर केलं होतं, “खोली गेली तर मी सांगलीला जाते. मला वर चढवायला रोज दोन माणसं कोण आणणार?” सांगलीतल्या बंद फ्लॅटमध्ये त्यांचं बघायला कोणीही नव्हतं. डॉक्टरांना भेगेची नव्हे, त्या वाक्याची भीती वाटत होती.

लायसन्स मिळालं. वेंडी नावाची बॅजरतज्ज्ञ बाई आली. मोठे बूट, मोठा आवाज. तिनं सांगितलं की बॅजरांचं मूळ घर बागेच्या टोकाला, बंद पडलेल्या रेल्वेलाइनच्या बांधात आहे. माईंच्या खोलीखाली नुसता आउटहाउस. तिनं बिळाच्या तोंडाला एकतर्फी झडप बसवली. मांजरासाठी दारात असते तशी, पण बाहेरच उघडणारी. बॅजर जेवायला बाहेर पडला की परत आत येता येत नाही. तीन आठवडे कोणी आत शिरलं नाही की बीळ रिकामं समजायचं आणि भरायचं.

पहिल्या आठवड्यात बॅजर बाहेर गेला. दुसऱ्या आठवड्यात झडपेच्या बाजूनं नवं भोक पाडून आत आला. वेंडीनं तिथं जाळी पुरली. त्यानं जाळीच्या पलीकडून खोदलं. दर वेळी तीन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर लागला.

“याला इथं काहीतरी मिळतंय,” वेंडी म्हणाली. “कोणीतरी खायला घालतंय.”

डॉक्टरांचा संशय लगेच शेजाऱ्यावर गेला, कारण तो पक्ष्यांना शेंगदाणे टाकायचा. ते तडक त्याच्याकडे गेले. शेजारी रिटायर्ड हेडमास्तर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पक्ष्यांची भांडी काढून टाकली. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं डॉक्टरांना गुड मॉर्निंग केलं नाही. बॅजर मात्र येतच राहिला.

मग एका दुपारी मी भेग मोजायला गेले. डॉक्टर ड्यूटीवर, घरात माई एकट्या. पॅटिओच्या कडेला, भिंतीला लागून, कागदी प्लेट ठेवलेली. भात, वरण, एक वडा, आणि वाटीभर खीर. समोरच्या झाडावर दोन धष्टपुष्ट कावळे बसले होते आणि प्लेटकडे ढुंकूनही बघत नव्हते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आत गेले.

“माई, हे कावळ्यासाठी?”

“पितृपक्षात सुरू केलं,” माई म्हणाल्या.

“पितृपक्ष संपून किती दिवस झाले.”

“हो, पण ते जेवतायत ना. जेवणाऱ्या माणसाचं ताट मध्येच कसं बंद करू?”

मी खुर्ची ओढून बसले. माईंनी मग सगळं सांगितलं. आबा, म्हणजे त्यांचे यजमान, मुलाकडे राहायला आले असताना इथंच गेले. दहाव्याला पार्कात पिंड ठेवला. कावळे होते, पण एकही शिवला नाही. डॉक्टरांनी हात जोडून सगळं कबूल केलं, आईला सांभाळीन, सांगलीचं घर विकणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. “तेव्हापासून माझ्या जिवाला घोर,” माई म्हणाल्या. “वाटायचं, परक्या मुलखात ठेवलं म्हणून रागावले. आणि या वर्षी पहिल्याच दिवशी प्लेट चाटूनपुसून साफ.”

आता हे काम कुठल्या कॉलेजात शिकवतात? मी घसा साफ केला. “माई, ते… कावळा नाही खात. बॅजर खातो.”

“मला माहीत आहे,” माई म्हणाल्या.

मी उठून खिडकीशी गेले.

“या खिडकीतून रोज बघते की. दिवे लागले की येतो. आधी खीर. मग वडा. भात अगदी शेवटी, नाइलाज म्हणून. ह्यांचं अगदी असंच होतं. आमच्या डॉक्टरनं, सुधीरनं, शेवटची दोन वर्षं ह्यांचं गोड साफ बंद केलं होतं, डायबेटीस म्हणून. तसं बरोबरच होतं त्याचं. पण हे माझ्याकडे चमचाभर खीर मागत होते, आणि मी दिली नाही. मग दोनच दिवसांनी गेले.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “कावळ्याचं सोंग घेऊन यावं असा काही नियम आहे का?”

मला रडू आलं, आणि चीडही आली, कारण हीच बाई ज्या भिंतीला टेकून बसली होती, तीच पाडायचं काम रोज खीर घालून करत होती.

“माई, ते जेवू देत,” मी म्हटलं. “पण ताट त्यांच्या घराजवळ वाढू या. इथं ते तुमचीच खोली पाडतायत. मग तुम्ही सांगलीला, आणि त्यांना इथं कोण वाढणार?”

माईंनी विचार केला. “हे आधी नाही का सांगायचं?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्लेट रोज थोडी थोडी मागे सरकली. वेंडी स्वतः नेऊन ठेवायची. गुलाबाच्या वाफ्याशी, मग शेडपाशी, मग रेल्वेच्या बांधाखाली. भोकाला कोणी हात लावेना. तीन आठवडे शांततेत गेले. वेंडीनं रिपोर्टात लिहिलं, ‘घरमालकांनी दिलेल्या तांदळाच्या गोड पदार्थाचा उपयोग झाला.’ ब्रायननं ते वाचून मला विचारलं, हा पदार्थ आपल्याला घाऊक मिळेल का. नोव्हेंबर संपायच्या आत बीळ भरलं, डिसेंबरात अंडरपिनिंग केलं. भेग आजतागायत वाढलेली नाही. डॉक्टर शेजाऱ्याकडे माफी मागायला गेले, बरोबर शेंगदाण्यांचं पोतं घेऊन.

मी त्यांना सगळं सांगितलं होतं, खिरीसकट. त्यांनी एवढंच विचारलं, “बॅजरला डायबेटीस होतो का?” मी म्हटलं, मी भिंती बघते.

पुढच्या वर्षी आबांच्या तिथीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. प्लेट घेऊन बांधापर्यंत डॉक्टर स्वतः निघाले. दारात थांबून त्यांनी वाटीकडे बघितलं.

“माई, साखर नेहमीसारखी घातलीस ना?”

“नेहमीसारखी.”

“थोडी अजून घाल,” ते म्हणाले, आणि वाटी पुढे केली.

तेव्हापासून बिळाची तक्रार आली की पाया बघायच्या आधी मी एक प्रश्न विचारते: तुमच्या घरी कोणासाठी ताट बाहेर ठेवतात का? इंग्रज क्लायंट आधी विचित्र नजरेनं बघतात. मग बहुतेक घरांत कोणीतरी एक जण हळूच मान खाली घालतो.