पंचमावर थांबलेली बोटं

दुपारचा दीड वाजला आहे. कराडच्या दिवट्यांच्या घरात या वेळी भांड्याला भांडं लागत नाही, कारण कुमुदिनीबाई, म्हणजे घरच्यांच्या माई, आडव्या झालेल्या असतात. आणि एक्याऐंशीव्या वर्षीही त्यांचा शब्द हीच त्या घराची कडी असते. माई डाव्या कुशीवर पडल्या आहेत. छातीशी नातीने बॉलपेनने लिहिलेला कागद, बोटांत शिसपेन्सिल. डोळे मिटलेले आहेत, पण मन अजून झोपेच्या उंबऱ्यावरच घुटमळतं आहे.

कागद शाल्मलीचा आहे. पुण्याच्या एका कलासंस्थेने पाठ्यवृत्तीसाठी तिच्याकडून एका पानाचा स्वपरिचय मागवला आहे. हाताने लिहून त्याचा फोटो आज सहाच्या आत ईमेलने पोहोचायला हवा. माईंच्या नजरेखालून गेल्यावाचून या घरातून कागद बाहेर पडत नाही. सकाळी माईंनी तो चष्मा लावून वाचला, निम्म्यावर आल्यावर पेन्सिल मागवली आणि चार ओळी गिरवून काळ्या करून टाकल्या. फोटो काढतेस ते खुशाल लिही, आपला स्टुडिओ होता, घराण्याला ते शोभतं, असं सांगितलं. वाजंत्र्यांचं मात्र काही नको. शाल्मलीने वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "मग तो माझा परिचय राहत नाही, माई. तसा मी पाठवणार नाही."

तेवढं बोलून पोर वर निघून गेली. ती अजून जेवलेली नाही. हे माईंना मिटल्या डोळ्यांनीही ठाऊक आहे.

पंख्याची घरघर हळूहळू पाण्याच्या खळखळीसारखी होते. पापण्यांवर तांबूस उजेड येतो. माई पाहतात तर त्या डार्करूममध्ये उभ्या आहेत. ती खोली पाडून तिथे औषधांचं दुकान निघालं त्याला वीस वर्षं झाली, हे त्यांना आठवतं. तरी त्यात काही वावगं वाटत नाही. समोर, फोटो धुण्याच्या ट्रेपाशी, त्यांचे धाकटे दीर शशिकांत उभे आहेत. चोविसाव्या वर्षी काविळीने गेले, ते अजून चोविशीतच आहेत. अंगात तोच पांढरा सदरा.

"वहिनी, केस फारच पिकले तुमचे," ते म्हणतात.

"तुम्ही तुमचे पिकू दिले नाहीत, भाऊजी. मग दोघांचे मलाच पिकवावे लागले."

ते हसतात. हसताना त्यांचे हात हलत नाहीत. दोन्ही हात छातीपुढे एकाखाली एक धरलेले, बोटं किंचित वाकलेली, मध्ये काहीच नाही. घरात भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे, त्यात आहेत अगदी तशीच. माईंची नजर त्या बोटांवर जाते.

ती बोटं माईंचीच करणी आहे. यजमान फोटो काढत आणि निगेटिव्हवर रिटचिंग माई करत. सुरकुत्या, देवीचे व्रण, कपाळावरचे डाग त्यांची पेन्सिल अलगद नाहीसे करी. शशिकांत मात्र लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवीत. ज्या वरातींचे फोटो थोरल्या भावाने मानाने काढायचे, त्याच वरातीपुढे धाकट्याने वाजवत चालायचं, हे माईंना सोसत नसे. एकदा त्यांनी बजावलं, बाजा उंबऱ्याबाहेर ठेवून मगच पानावर बसायचं. पंधरवड्यात भाऊजी गेले. तेराव्याला मांडण्याजोगा एकच फोटो होता, हातात क्लॅरोनेट असलेला. निगेटिव्हमध्ये काळी वस्तू पारदर्शक दिसते. तिथे शिसं भरलं की छापताना ती जागा पांढरी उमटते. माईंनी एका रात्रीत क्लॅरोनेट भरून काढली. ती पांढऱ्या सदऱ्यात विरून गेली. फोटोला हार घालताना सासूबाईंनी तेवढं विचारलं, "याची बोटं अशी का गं?" माई म्हणाल्या, तसेच बसायचे ते. त्यावर पन्नास वर्षांत कोणी काही विचारलं नाही.

ट्रेतलं पाणी चढत चढत पायऱ्यांना लागतं. दोघं कृष्णेच्या घाटावर बसलेले आहेत, पण दिवा अजून डार्करूमचाच, लाल. नदीही लाल दिसते.

"मी पुसली ती क्लॅरोनेट," माई म्हणतात. आयुष्यात त्यांनी कोणापुढे मान खाली घातलेली नाही, आत्ता घालतात.

"ठाऊक आहे. काम मात्र बिनतोड होतं. जोड कुठे दिसत नाही."

"टोमणा मारताय?"

"कारागिराची तारीफ करतोय. फक्त बोटं अवघडलीत, वहिनी. धरायला काही नसताना धरून बसायचं म्हणजे काय."

माई धीर करून विचारतात की तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का. शशिकांत थोडा विचार करतात. रागावलो होतो, ते सांगतात, पण त्याच संध्याकाळी तुम्ही पानात लसणाची चटणी जास्त वाढलीत, तेव्हा राग गिळून टाकला. उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या क्लॅरोनेटवर तुम्हीच फडकं टाकलं होतं, धूळ बसू नये म्हणून; तेही पाहिलं होतं. माईंना त्या फडक्याची आठवणसुद्धा नव्हती. ती आता इतकी लख्ख येते की त्यांना त्याची निळी किनारही दिसते.

मग शशिकांत कागद मागतात. त्यांना तो हातात धरता येत नाही, म्हणून माईच त्यांच्यापुढे धरतात. काळ्या केलेल्या ओळी ते सरळ वाचत जातात, जणू त्यांवर काही फिरवलेलंच नाही.

"'मी फोटो काढते आणि क्लॅरोनेट वाजवते. तीन वर्षं मी गावातल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांकडे शिकते आहे. लग्नसराई संपल्यावर घरं रंगवणाऱ्या, भाजी विकणाऱ्या वादकांच्या हातांचे फोटो मी काढले आहेत. त्या फोटोंपुढे उभं राहून मला वाजवायचं आहे. आमच्या भिंतीवर एक फोटो आहे. त्यातल्या चुलत आजोबांचे हात रिकामे आहेत. मी माझी बोटं तशीच क्लॅरोनेटवर ठेवून पाहिली. पंचम वाजला.'"

माई कागद खाली घेतात.

"बरोबर ओळखलंय का तिने?" माई हलकेच विचारतात.

"पंचमच होता. फोटो काढताना दादा म्हणाला, हलू नकोस, म्हणून त्यावर थांबलो. पुढचा सूर राहूनच गेला."

घाटाच्या पायऱ्यांवरून वरात उतरते आहे. लोक आहेत, डोक्यावर बत्त्या आहेत, आवाज मात्र नाही. त्या गर्दीच्या मधोमध माईंचं रिटचिंगचं उतरतं डेस्क मांडलेलं आहे आणि त्यावर ती जुनी निगेटिव्ह. काय करायचं ते माईंना सांगावं लागत नाही. त्या अनामिका जिभेला लावतात आणि शिशाच्या पट्टीवरून फिरवतात. एकदा, दोनदा. बोट काळं होत जातं, पट्टी निवळत जाते. शशिकांत खोल श्वास घेतात. पन्नास वर्षं अधांतरी असलेली बोटं कशावर तरी टेकतात.

"हां," ते म्हणतात. "आता बरं वाटलं."

ते क्लॅरोनेट ओठांना लावतात, आणि माई जाग्या होतात.

पंखा फिरतो आहे. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. छातीवरून जुनं ओझं उतरावं तसा श्वास मोकळा चालतो आहे. माई उठून बसतात, चष्मा लावतात, कागद उजेडाकडे धरतात. जिथे काळा पट्टा होता तिथे राखाडी ढग उरला आहे. त्याखालून चारही ओळी स्वच्छ वाचता येतात. कागद तेवढ्यापुरता ओलसर आहे.

माई हाक मारतात. ती हाक घरात कोणाला दुसऱ्यांदा ऐकावी लागत नाही. शाल्मली धावत खाली येते आणि तख्तापाशी थबकते. ती कागदाकडे पाहते. मग आजीच्या उजव्या हाताकडे पाहते. अनामिकेचं पेर शिशाने काळंभोर झालं आहे.

"माई, हात धुवायला पाणी आणू?"

"पाण्याची घाई नाही. आधी जेव. मग हा कागद आहे तस्सा पाठवून दे." माई भिंतीवरच्या फोटोकडे वळून पाहतात. "आणि ते वाद्य घेऊन इथे, यांच्यासमोर ये. तुझा पंचम मला ऐकायचा आहे, पण त्यावर थांबायचं नाही. पुढचा सूर लावायचा."